सवतीचा श्वास

गुरुसिद्धप्पा अडत्याची धाकटी बायको कशी झोपते, हे त्याच्यापेक्षा त्याच्या थोरलीला जास्त ठाऊक होतं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, उजवी मूठ गालाखाली. डोळा लागला की नाकातून बारीकशी शिट्टी, दूध तापायला ठेवलं की भांडं करतं तशी. दोघींच्या खोल्यांमध्ये मातीनं लिंपलेला एक कूड होता, आणि कूड किती पातळ असतो हे जिला सवत आहे तिलाच विचारावं.

थोरली इरम्मा अडतिशीची. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती. शेवटी तिनंच नवऱ्याला सांगितलं, दुसरी करा. तिनंच आळंदला जाऊन गंगम्मा बघितली. दात बघितले, चाल बघितली, भाकरी थापतानाचे हात बघितले आणि पसंत करून नळदुर्गला आणली. तिथंच चुकलं. दुसऱ्या कुणी आणलेली सवत असती तर शिव्या तरी देता आल्या असत्या. आणि पोरगी वाईट असती तरी सोय होती. पण ती उठताबसता 'अक्का, अक्का' करायची, इरम्माच्या आधी जेवायची नाही, आणि वीस वर्षं जेवताना 'मीठ' एवढाच शब्द काढणाऱ्या गुरुसिद्धप्पाला तिच्यामुळं अलीकडं हसू यायला लागलं होतं. ते हसू कुडातून अलीकडं यायचं.

मग इरम्मानं बघायला सुरुवात केली. तीन वर्षं ती गंगम्माला बघत होती. तिनं केस कसे विंचरले, नवऱ्याला पाणी देताना बोट लागलं की नाही, दिवसाकाठी तिच्याशी तो किती वेळा बोलला. सगळ्यात जास्त नजर होती ती गंगम्माच्या गळ्यातल्या डबीवर. त्यांच्यात बायकापुरुष सगळेच गळ्यात लिंग घालतात. इरम्माचं लिंग अजून माहेरच्या कापडाच्या गुंडाळीत होतं. गंगम्माच्या लिंगाला गुरुसिद्धप्पानं सोलापूरहून चांदीची डबी करून आणली होती, चिंचोक्यांच्या नक्षीची. ती छातीवर लकलक करायची.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. घासलेट मिळेना, पेट्रोल मिळेना, आणि नळदुर्गच्या पेठेत करडईचा भाव सोडून कुणाला दुसरा विषय नव्हता. त्याच पौषात गंगम्माची सातव्या महिन्यातली ओटी भरली. गुरुसिद्धप्पाची थोरली विधवा बहीण शांताक्का घरात होती आणि घरातले रिवाज तिच्या मुठीत होते. या घरचा रिवाज असा, की ओटी भरली की नऊ दिवस पोटुशीच्या हातापायांची नखं मेंदीनं लाल पाहिजेत आणि ओठ विड्यानं लाल पाहिजेत. फिकट ओठाची पोटुशी दिसली तर वाईट नजर सरळ पोटात उतरते म्हणे. इरम्मानं स्वतः मेंदी वाटली. वाटताना पाटा जरा जास्तच घासला गेला.

चौथ्या दिवशी गंगम्माला हुडहुडी भरून ताप आला. कुशीत सुई टोचल्यासारखं दुखायला लागलं, आणि खोकला. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. हैदराबादकडचे, दाढी पिकलेले, मराठी समजायची पण जीभ दख्खनीतच वळायची. त्यांनी चांदीची डबी बाजूला सारून पाठीला-छातीला नळी लावली. निमोनिया आहे म्हणाले, पांढऱ्या गोळ्या दिल्या, आणि दारातून वळून बजावून गेले, "दम बढ़ा तो मेरेकू बुलाव. रस्ता नक्को देखो."

इरम्माची खात्री होती की यातलं निम्मं सोंग आहे. ताप आल्यापासून गुरुसिद्धप्पा अडतीवर गेला नव्हता. करडईच्या थप्प्या तशाच पडल्या होत्या आणि हा माणूस बायकोच्या पायाशी बसून पंख्यानं वारा घालत होता, पौषात! इरम्माला चोवीस वर्षांत दोनदा हिवताप झाला, तेव्हा यानं एकदा दारातून विचारलं होतं, "उठतीस का आज?" म्हणून सोंग उघडं पाडायचंच, असं ठरवून इरम्मा गंगम्माच्या उशाशी जाऊन बसली. लोकांना वाटलं, काय माया बघा थोरलीची.

ती त्या डबीकडं बघून श्वास मोजायला लागली. स्वतःचा एक श्वास झाला की डबी किती वेळा वर येते. पहिल्या दिवशी दोनदा. दुसऱ्या दिवशी तीनदा. सोंग करणारी बाई कुणी बघत नाही असं दिसलं की विसावते. इरम्मानं मुद्दाम उठून जाऊन दाराच्या फटीतून पाहिलं. डबी तीनदाच हलत होती.

तिथं तिच्या मनात पहिल्यांदा शंका आली. पण मत्सराची सवय तापापेक्षा चिवट असते. ती परत येऊन बसली आणि बघत राहिली. पहिल्या दिवशी गंगम्मा वाक्यं बोलत होती, "अक्का, जरा उशी वर घ्या की." दुसऱ्या दिवशी "अक्का... उशी." मग नुसतंच बोट. आडवी निजवली की उठून बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, जशी ओझं उचलायच्या बेतात आहे. नाकपुड्या फुलायच्या. श्वास आत घेताना गळ्याच्या खालची खळगी आत जायची, अंगठा बुडावा इतकी. कपाळावर घाम, आणि बाहेर माणसं शेकोटीला बसलेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं एकदम निवळलं.

गंगम्माची धडपड थांबली. मागं लावलेल्या लोडावर मान टाकून ती गप पडली. श्वासाचा आवाज राहिला नाही. शांताक्कानं तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तिनं ताजी विभूती लावली, विडा कुटून त्याचा रस बोटानं गंगम्माच्या ओठांवर चोळला, कारण अजून दोन दिवस बाकी होते, आणि देवापुढं साखर ठेवली.

"आली बाई माझी पोरगी ठिकाणावर," शांताक्का म्हणाली. "झोप लागली तिला. तीन दिसांनी. कुणी भांडं सुदीक वाजवू नका."

गुरुसिद्धप्पानं पंखा खाली ठेवला. डोळे पुसले. उशाशी बसलेली इरम्मा मात्र पुढं वाकून बघायला लागली.

ही झोप तिच्या ओळखीची नव्हती. उताणी. हात दोन्हीकडं सुटलेले. मूठ नाही, शिट्टी नाही. इरम्मा डबीवर नजर लावून बसली. श्वास मोजले तर कमी झाले होते, पण डबी जेमतेम हलत होती, वाऱ्यानं पान हलावं तशी. आणि एक गोष्ट तिला दिसली, ती आधी कधी दिसली नव्हती. माणूस श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोट बरोबर वर येतात. हे तिनं गंगम्माचंच पोट तीन महिने डोळ्यांत तेल घालून बघून पाठ केलेलं. आता डबी वर आली की पोट आत जात होतं, डबी खाली गेली की पोट वर. एका उखळात दोघी बायका आळीपाळीनं मुसळ टाकतात, तसं चाललं होतं. छाती एकीकडं, पोट दुसरीकडं.

"गंगम्मा," तिनं हळूच हाक मारली.

डोळे अर्धवट उघडले. "यव्वा," गंगम्मा पुटपुटली. आईला म्हणतात तसं. इरम्माला तिनं आजवर अक्काखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं. डोळे परत मिटले.

ही पोरगी मरायला लागली आहे, आणि घरात हे फक्त मला कळलंय, असं इरम्माला स्वच्छ कळलं.

ती जागची हलली नाही. किती वेळ? एक विडा चघळून व्हावा इतका. तेवढ्या वेळात तिच्या मनात जे आलं ते तिनं पुढं कुणालाही सांगितलं नाही, पण आलं. काही करायचं नव्हतं. नुसतं गप बसायचं होतं. शांताक्कानं साखर ठेवली होती, नवरा डोळे पुसत होता. उद्या कुणी बोट दाखवलं नसतं. कुडापलीकडचं हसू थांबलं असतं. मग तिच्या मनात आलं, की हसूच थांबेल. हा माणूस माझ्याशी परत नुसतं मीठच बोलेल.

तेवढ्यात गुरुसिद्धप्पा उठला, गंगम्माच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "किती शांत निजली बघ. अशीच निजते ती."

इरम्माच्या अंगाची लाही झाली.

"अशी निजते?" ती म्हणाली. "तीन वर्सं शेजारी निजला, आनि ती कशी निजते ते ठावं न्हाय तुमास्नी? कुशीवर निजते ती. डाव्या. मूठ गालाखाली घालून. ही निजलेली न्हाय. डॉक्टरला बोलवा."

"हळू बोल! उठंल की ती."

"उठंल तर गावजेवन घालते मी. बोलवा म्हंते ना!"

शांताक्का आतून आली. तिनं इरम्माकडं बघितलं, लोडावरच्या गंगम्माकडं बघितलं, आणि तीन वर्षं जे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी म्हटलं नव्हतं, ते म्हणाली.

"जळतीस तू हिच्यावर, इरम्मा. तिची झोपसुदीक बघवंना व्हय तुला?"

गुरुसिद्धप्पानं मान खाली घातली, म्हणजे त्यालाही तसंच वाटत होतं. इरम्माला कळलं, आपलं कुणी ऐकणार नाही. रोज डबीकडं बघणारे डोळे यांनी सगळ्यांनी पाहिले होते.

"व्हय, जळते," ती म्हणाली. "वन्सं, तुमी माया करता म्हणून डोळं मिटून बसलाय. मी जळते म्हणून रात्रंदिस तिच्याकडं बघते. तिचं पोट बघा. डबी बघा. उलटं चाललंय."

शांताक्कानं बघितलं, पण तिला काही दिसलं नाही. दिसणार नव्हतंच. ते दिसायला आधी चांगलं चाललेलं कधी नीट बघावं लागतं.

इरम्मानं पदर खोचला आणि भर पेठेतून, चपला न घालता, एकटी दवाखान्यात गेली. अडत्याच्या घरची बाई अशी एकटी चालताना बघून दुकानांतली तागडी हातातच राहिली. डॉक्टर व्हरांड्यात मलमपट्टी करत होते.

"क्या हुआ, अम्मा?"

तिनं सगळं सांगितलं, मराठीत, मधेच दख्खनी, मधेच हातांनी. माझा एक तर तिचे तीन. आता कमी झाले, पण उथळ. आधी बोलायची, मग एकेक शब्द, आता आईची हाक. छाती वर तर पोट आत. डॉक्टरांनी हातातली पट्टी कंपाउंडरच्या हातात दिली.

"पेट अंदर जाता? तुमे अपनी आँख से देखे?"

"मी दुसरं बघतेच काय, साहेब?"

डॉक्टर खुर्चीवरची पिशवी घेऊन तिच्यापुढं चालायला लागले.

घरी आल्यावर त्यांनी आधी नखं पाहिली. मेंदीनं लाल. ओठ पाहिले. विड्यानं लाल. चेहऱ्यावर विभूती. शांताक्का विजयानं म्हणाली, "रंग बघा साहेब, कसा हाय. लालबुंद!"

"रंग तो तुमारा है, माँजी. इसका किधर है?" डॉक्टर म्हणाले आणि इरम्माला खूण केली.

इरम्मानं पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि गंगम्माचे ओठ पुसले. एकदा, दोनदा. लाली निघाली आणि खालून जे निघालं ते पिकल्या जांभळाच्या सालीचं होतं. डॉक्टरांनी जीभ उचलून खाली पाहिलं, तिथंही तेच. कानाची पाळी राखेसारखी. शांताक्का आपली लाल बोटं पदराला पुसत राहिली. आपण तीन दिवस त्या रंगावर रंग चढवत होतो, हे तिच्या लक्षात आलं.

"ये नींद नै है," डॉक्टर गुरुसिद्धप्पाला म्हणाले. "दम ले ले को थक गई. अब फेफड़े में हवा बराबर जाती नै, खराब हवा बाहर निकलती नै. उस से नशा चढ़ता. ऐसेइच सोने दिए तो सुबह तक नै रहती. सोलापूर के बड़े दवाखाने में हवा की टंकी है. अब्बी निकलो." मग इरम्माकडं वळले. "लिटाना नै. बिठा को रखो. और सोने नक्को देव. बोलते रहो, चिमटे काटो, गालियाँ देव, कुछ भी करो."

अडतीचा माल नेणाऱ्या व्यंकटची लॉरी करडईची पोती घेऊन सोलापूरला निघायच्या बेतात होती. पेट्रोल नव्हतंच, मागं कोळशाची भट्टी बसवलेली, तिच्या धुरावर चालणारी लॉरी. गुरुसिद्धप्पा पुढं व्यंकटजवळ बसला. इरम्मा मागं पोत्यांना पाठ टेकून बसली आणि गंगम्माला आपल्या पुढ्यात, दोन पायांमध्ये, ताठ बसवून तिला छातीशी धरलं. आजवर तिनं या पोरीला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं, मेंदीसाठी हात धरला आणि मघाशी ओठ पुसले तेवढंच.

लॉरी निघाली. अणदूरच्या अलीकडंच गंगम्माची मान कलली.

"ए, निजतीस काय!" इरम्मा म्हणाली. "मला तुझ्याशी बोलायचं हाय. लई दिसांचं बोलायचं हाय. गेल्या संक्रांतीला माझ्या डब्यातलं तिळाचं लाडू कुणी खाल्लं?"

काही नाही. इरम्मानं दंडाला चिमटा काढला. पहिला डॉक्टरांनी सांगितला म्हणून, दुसरा मनापासून.

"तूच खाल्लंस. पाच लाडू. आनि यास्नी सांगितलंस, अक्कानं दिले म्हणून. मी दिले? मी कवा दिले?"

"...दोन," गंगम्मा म्हणाली.

"काय दोन?"

"दोनच... खाल्लं."

"लबाड! पाच व्हते!" इरम्मानं तिची हनुवटी वर केली. "आनि त्या नागपंचमीला माझं जांभळं लुगडं मागून नेलंस, आनि यांनी म्हटलं, गंगम्माला जांभळं शोभतंय. माझ्यासमोर म्हटलं. सोळा वर्सं मी ते लुगडं नेसते, मला न्हाय शोभलं कदी?"

अशी ती बोलत राहिली. इटकळ गावापर्यंत तिनं भांडणाचं पहिलं वर्ष संपवलं. धूर डोळ्यांत जात होता, पोती हादरत होती, दर खड्ड्याला ती गंगम्माला वर ओढून ताठ करत होती. स्वतःचा श्वास ती मोठ्यानं घ्यायची आणि तिच्या कानात म्हणायची, "घे. माझ्याबरोबर घे. घेतलास? आता सोड. आता दुसरं ऐक." हैदराबाद संस्थानच्या सरहद्दीच्या नाक्यावर करोडगिरीच्या, जकात घेणाऱ्या शिपायानं ताडपत्री उचलली, तेव्हा एक बाई दुसरीला पोटाशी घट्ट धरून तिच्याशी कडाकडा भांडत होती. त्यानं काही न विचारता ताडपत्री खाली सोडली.

नाक्यापुढं गंगम्मा उत्तरं द्यायची थांबली. मग नुसत्या पापण्या हलायच्या. मग त्याही नाहीत. इरम्मानं तिच्या पोटावर हात घट्ट दाबून धरला होता, तिथं आतून एक लाथ बसली. टणक, रागानं मारल्यासारखी.

इरम्मानं गंगम्माचाच हात ओढून तिथं ठेवला. मग म्हणाली, "बघ. त्यालाबी झोप न्हाय. तुलाच मेलीला झोप." आणि गंगम्माच्या गालावर तिनं असा हात ठेवून दिला की पुढं बसलेल्या गुरुसिद्धप्पाला तो आवाज ऐकू गेला. गंगम्मानं एक मोठा, फाटका श्वास आत ओढला.

सोलापूरला दिवे लागताना पोचले. दवाखान्यात नाकाशी रबरी नळी लावली, भिंतीशी उभ्या लोखंडी टाकीतून हवा फुसफुसायला लागली. इरम्मा ओठांकडं बघत उभी राहिली. जांभळाचं साल हळूहळू विरत गेलं. पुढं चार दिवस ती त्या खाटेजवळून उठली नाही, नर्सबाई सांगायच्या, श्वास मोजायला आम्ही आहोत, तर ती म्हणायची, "मोजा की. मीबी मोजते." त्या चार दिवसांत तिला कशाचाच राग आला नाही. गुरुसिद्धप्पा येऊन गंगम्माचे पाय चेपायचा, इरम्मा नुसती बघायची. आपल्याला काय झालंय, हे तिला कळेना. काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी नळी काढली. गुरुसिद्धप्पा मोसंबी घेऊन आला. गंगम्मा लोडाला टेकून बसली होती. तिनं नवऱ्याकडं बघून तोंड जरासं वाकडं केलं.

"अवो, अक्का रातभर घोरत्यात. मला डोळ्याला डोळा लागंना. त्यास्नी धर्मशाळेत न्हेऊन सोडा की. तुमीच बसा माझ्यापाशी."

गुरुसिद्धप्पा हसला. तेच हसू.

इरम्मा जागची उठली. पायाच्या अंगठ्यापासून निघालेला जाळ पार टाळूपर्यंत गेला. तिनं आपलं गाठोडं ओढलं, मोसंबीतली दोन उचलून पदरात टाकली आणि तरातरा वॉर्डाबाहेर निघाली. दारात नर्सबाई भेटल्या.

"काय हो, पेशंट कशी आहे आज?"

"बरी हाय," इरम्मा म्हणाली. "लई बरी हाय. पार बरी झाली मेली." आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसून तिनं मोसंबं सोलायला घेतलं.